बॉनेटवरची जागा

१

गळती शोधायची तर जिथं थेंब पडतो तिथं बघून उपयोग नसतो. तेल वरून सुटतं. बोल्टांच्या कडेनं, वायरींवरून, पाइपांच्या पोटाखालून वाट काढत येतं आणि सगळ्यांत खालच्या टोकाला लोंबतं. गाडी पळत असेल तर वारा त्याला मागं ढकलतो, म्हणून पुढं गळणारी गाडी मागं काळी दिसते. मी आधी इंजिन धुतो, कोरडं करतो आणि मग वरून खाली बघत येतो. घाई करत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. बरीच पॅकिंगं उगाच बदलून झाल्यावर माझं मलाच कळलं.

माझं गॅरेज दिंडोरी रोडला, म्हसरूळच्या पुढं. मागच्या बाजूला घर. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी त्यांची कॅराव्हॅन दारात आणून लावली. दाजी म्हणजे दिनेश, माझ्या धाकट्या बहिणीचा, योगिनीचा नवरा. दिंडोरीला त्यांची द्राक्षाची बाग आहे. वाइनरी बघायला येणारे पाहुणे बागेच्या कडेला राहतात, म्हणून त्यांनी एका जुन्या मिनीबसमध्ये पलंग, सिंक, शेगडी आणि एसी बसवून घेतला होता. गाडी मीच बघून दिली होती.

"काय मेव्हणे," दाजी काच खाली करून म्हणाले, "उतरवून घ्या तुमच्या दोघी. एक गळती, दुसरी बडबडती. दोन्ही तुमच्याच घरून आलेल्या."

"गळणं दादा थांबवेल," आतून योगिनी म्हणाली. "बडबडीवरचं औषध अजून निघायचंय."

ती बॉनेटवरून उतरली. या गाड्यांमध्ये इंजिन बाहेर नसतं, ड्रायव्हरच्या शेजारी आतच असतं आणि त्यावर पेटीसारखं झाकण असतं. मिनीबसमध्ये त्या झाकणावर कुणी ना कुणी बसतंच. दाजींनी त्यावर जाड गादी टाकून लाल रेक्झिन लावलं होतं. पुढची सीट पाहुण्यांच्या सामानाला, मागचा भाग पाहुण्यांना, म्हणून योगिनीची जागा बॉनेटवर. स्वयंपाक तीच करायची, भांडी तीच घासायची.

भाऊबीजेला तिला यायला जमलं नव्हतं. गाडीला बुकिंग होतं. म्हणून तिनं ताट पिशवीत भरून आणलं होतं आणि तिथंच, टायरांच्या ढिगाशेजारी मला खुर्चीत बसवून ओवाळलं. कुंकू लावताना तिचं बोट माझ्या कपाळावर पॉलिश पेपरसारखं खरखरलं. मी तिचा हात धरून बघितला. तळव्याला भेगा होत्या, आणि त्या लाल नव्हत्या. वाळलेल्या लाकडाला पडतात तशा होत्या.

"थंडीनं रे," ती म्हणाली आणि हात ओढून घेतला.

दाजींची तक्रार साधी होती. गाडी उभी राहील तिथं पेव्हर ब्लॉकवर काळे डाग पडत होते आणि पाहुण्यांच्या फोटोत ते दिसत होते. शनिवारी मोठा ग्रुप येणार होता. मी सवयीनं तेल मोजायची डिपस्टिक काढून पुसली, घातली, परत काढली. तेल बरोबर वरच्या खुणेला होतं.

"टॉपअप कधी केलंत?"

"केलंच नाय. गेल्या थंडीपासून थेंब टाकला नाय. लेव्हल हलतच नाय ना."

दाजींचा मित्र त्यांना न्यायला आला. जाताना म्हणाले, "ही राहू द्या इथंच. गाडीचं काम बी होईल आन् हिचं माहेरपण बी."

२

गळणाऱ्या गाडीची लेव्हल कमी होत नसेल तर कारणं ठरलेली असतात. पंपातून डिझेल तेलात उतरतं, किंवा इंजिन गार ठेवणारं कूलंट मिसळतं. म्हणजे गळतं तेवढं दुसरंच काही आत भरतं. मी एक थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर टाकला. डिझेल असतं तर भोवती फिकट कडं पसरलं असतं. पसरलं नाही. बोटांत चोळून वास घेतला. कूलंटचा पांढुरकेपणाही नव्हता. तेल चांगलं होतं. इतक्या दिवसांच्या तेलाच्या मानानं जरा जास्तच चांगलं.

संध्याकाळी मी गाडीखाली ट्रे सरकवला. बायको भाऊबीजेसाठी पिंपळगाव बसवंतला माहेरी गेली होती, त्यामुळे योगिनीला मी आतल्या खोलीत गादी घालून दिली. आम्ही पिठलं खाल्लं. ती दाजींच्या पाहुण्यांच्या नकला करत होती. वाइनचा घोट तोंडात खळखळवून, चवीतली फळं ओळखत "बेरीज, बेरीज" म्हणणारा एक जण होता, त्याची नक्कल तिनं ताकाचा पेला घेऊन केली आणि मला ठसका लागेपर्यंत हसवलं.

"तू इंजिनाशी बोलतोस तेवढं वहिनीशी बोललास ना दादा, तर ती माहेरी चार दिवसांऐवजी दोनच दिवस राहील."

सकाळी गादी तशीच होती, चादरीला सुरकुती नव्हती. योगिनी गाडीत सापडली. बॉनेटवर अंगाची मुटकुळी करून, गाल रेक्झिनला टेकवून झोपली होती. इंजिन केव्हाचं थंडगार होतं.

"आत झोप लागेना," ती उठून बसत म्हणाली. "इथली सवय झालीय. एसी चालवायला गाडी चालू ठेवतात ना, तर खालून छान ऊब येते. आपल्याच आत काहीतरी हळूहळू फिरतंय असं वाटतं. लगेच डोळा लागतो."

"आणि बंद असताना?"

तिनं रेक्झिनवरून हात फिरवला. "बंद असली की मग मी वाट बघत पडते," ती म्हणाली, आणि आपण असं का म्हणालो हे तिलाच कळलं नाही असं तिच्या तोंडावरून दिसलं.

ट्रेमध्ये चांगलं वाटीभर तेल जमलं होतं. मी डिपस्टिक काढली. वरच्या खुणेला.

३

मी इंजिन डिझेल आणि ब्रशनं धुतलं, हवेनं कोरडं केलं. मग योगिनीकडून तोंडाला लावायच्या पावडरचा डबा मागून घेतला आणि सगळ्या इंजिनावर भुरभुरवला. पावडरवर तेलाची वाट काळी उमटते, आणि ती जिथून सुरू होते तिथं गळती असते.

"बघा, माझ्या तोंडाला नाही, इंजिनाच्या तोंडाला पावडर!" ती म्हणाली. "वहिनीला फोन करून सांगते, सवत आणलीय म्हणून."

गाडी तापेपर्यंत चालवली. ती बॉनेटवर बसून भाजी निवडत होती. मग बंद केली, तिला उठवलं आणि झाकण काढलं. इंजिन पावडर लावलेल्या नवरीसारखं पांढरं होतं. हेडवर डाग नाही, फिल्टरशी नाही, टर्बोच्या पाइपाशी नाही. एकही वाट उमटली नव्हती. खाली ट्रेमध्ये मात्र ताजे थेंब होते.

मी झाकण उलटं केलं. आतल्या पत्र्यावर तेलाचे थेंब दाटून आले होते, थंडीत खिडकीच्या काचेवर येतात तसे. ते झाकणाच्या कडेनं उतरत होते, गाडीच्या तळपत्र्याच्या फटीतून चेसिसवर आणि तिथून खाली. इंजिनाला न शिवता. मी वर बघत गेलो, माझ्या पद्धतीनं. पत्र्याच्या वर नमदा, म्हणजे लोकरीचा जाड थर, तो भिजलेला. नमद्याच्या वर गादी. गादी खालून काळी, वरून कोरडी.

याला कारण आहे, मी स्वतःला सांगितलं. बॅक कॉम्प्रेशननं, म्हणजे इंजिनातल्या उलट्या दाबानं, तेलाची वाफ वर जाते, महिनोन्‌महिने गादीत मुरते, आणि ताप लागला की ती खाली सुटते. पटण्यासारखं होतं. मी गादी आणि नमदा काढून उन्हात टाकला, पत्रा दोन्ही बाजूंनी पेट्रोलनं पुसला आणि बसायला तिला घरातली धुतलेली गोधडी घडी करून दिली. पुन्हा गाडी चालवली.

ती उठल्यावर गोधडी उचलली. खालची घडी काळी होती. मी तिला सांगितलं नाही.

४

तेलात घालायचा एक रंग मिळतो. उजेडात दिसत नाही, पण जांभळ्या दिव्याखाली पोपटी चमकतो. अवघड गळतीसाठी मी तो माळ्यावर वरच्या फळीवर ठेवतो. बाटलीचं सील मीच फोडलं, तो इंजिनात ओतला, आणि गाडी चालवून परत थंड होऊ दिली. दुपारी शटर ओढून घेतलं. अंधार झाला.

डिपस्टिकवर दिवा धरला तर ती पेटल्यासारखी पोपटी झाली. रंग तेलात व्यवस्थित मिसळला होता. मग ट्रेवर दिवा धरला. ट्रेमधलं तेल काळंच राहिलं. झाकणाखालचे थेंबही काळे. मी दिवा जवळ नेला, लांब नेला, बोटानं तेल पसरवून बघितलं.

मागचं दार उघडून योगिनी चहा घेऊन आली. दार तिच्यामागं आपोआप लागलं. दिवा माझ्या हातात होता आणि मी आवाजाच्या दिशेनं वळलो.

तिच्या दोन्ही डोळ्यांच्या कडा पोपटी चमकत होत्या. खालच्या ओठाची चीर चमकत होती. कप धरलेल्या हाताच्या भेगांमधून बारीक पोपटी रेषा मनगटापर्यंत गेल्या होत्या, आणि त्या वरून लागलेल्या दिसत नव्हत्या. आतून येत होत्या.

"काय रे? भूत बघितल्यासारखा काय बघतोस?" ती म्हणाली. जांभळ्या उजेडानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पदरानं पुसलं, तर पदरावर पोपटी ठिपका उमटला.

मी दिवा बंद केला. चहा प्यालो. चहा चांगला झालाय असंही म्हणालो.

मग माळ्यावर चढून बाटली बघितली. तिचा हात तिथं पोचत नव्हता. दुसरं कारण मी बराच वेळ शोधलं. इंजिनातलं तेल खाली पडत नव्हतं. जे पडत होतं ते इंजिनातलं नव्हतं. आणि इंजिनातलं तेल माझ्या बहिणीच्या डोळ्यांत होतं.

५

मी दाजींना फोन केला. काय सांगायचं ते ठरवलं होतं: गाडीत तेलाची वाफ साठते, योगिनीला ती बाधतेय, तिला महिनाभर माझ्याकडे राहू द्या आणि बॉनेटवर कुणाला बसवू नका.

"मेव्हणे, शनिवारी ग्रुप हाय. स्वयंपाक कोण, तुम्ही येता का करायला?"

"तिचे हात बघितलेत का दाजी? वाळत चाललीय ती."

"लगीन झालं तेव्हापासून तश्शीच हाय ती. हे बघा, गाडी गळती ना? गाडी दुरुस्त करा. माझी बायको नका दुरुस्त करू." ते हसले. "जुनं ऑइल सगळं काढा. एक थेंब ठेवू नका. सगळी सीलं नवी टाका. आन् जळकं ऑइल फेकू नका, नाथाला पाठवतो सकाळी. कुंपणाच्या डांबांना वाळवी लागलीय, त्यांना चोपडू."

आमच्यात बहिणीच्या नवऱ्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. त्याला पाटावर बसवतात, त्याचं उष्टं काढतात, आणि बहिणीला तिथं नांदायचं असतं हे लक्षात ठेवून शब्द गिळतात. माझ्या बापानं गिळले, मीही गिळले. पण खरं सांगायचं तर या वेळी मला जुनं तेल काढायचं पटलंही होतं. जे काही तिच्या अंगात उतरलं होतं, ते त्या जुन्या तेलातलं होतं. ते गाडीतून पार काढून टाकलं की तिच्यात यायचं थांबेल. नव्या तेलावर तिला मी बसूच देणार नव्हतो. त्यासाठी शनिवारपर्यंत काहीतरी निमित्त काढलं असतं.

६

सकाळी इंजिन गरम केलं. गरम तेल पातळ असतं, गाळ सोबत घेऊन येतं. योगिनीला मी गाडीपासून लांब, बाहेर उन्हात खुर्ची टाकून दिली. तिनं मेथीची जुडी मांडीवर घेतली. मी गाडीखाली गेलो, ट्रे लावला आणि तेलाच्या चेंबरचा नट सोडला. तेल जाड धारेनं पडू लागलं.

"दादा, तुला ती मोपेड आठवते?" बाहेरून तिचा आवाज आला.

ही गोष्ट ती दरवर्षी सांगते. मी लहान असताना मावशीच्या लग्नाच्या सकाळी बाबांची मोपेड उघडून अंगणात तिचे सुटे भाग मांडले होते, आणि बाबांना धोतर खोचून लग्नाला सायकलवर जावं लागलं. बाबांचा आवाज ती हुबेहूब काढते.

"सांग," मी म्हणालो.

तिनं सांगायला सुरुवात केली. मांडवापर्यंत छान रंगली. धार अजून जाड होती. बाबा सायकलवरून उतरले आणि मावशीच्या सासऱ्यानं त्यांना आचारी समजून नारळ खवायला बसवलं, इथपर्यंत आली आणि थांबली.

"मग बाबा काय म्हणाले रे?"

"तूच सांगतेस ना दरवेळी."

"हो, पण... काय म्हणाले?"

धार बारीक होऊन करंगळीएवढी झाली होती. मी म्हणालो, "म्हणाले, नारळ खवतो, पण आहेर परत द्या." ती हसली नाही.

"लग्न कुणाचं होतं?"

"योगे, पुरे हं."

"नाही, खरंच. कुणाचं?"

ती चेष्टेखोर आहे. मला वाटलं, आता माझीच फिरकी घेतेय. मी सरकून नटाच्या भोकाजवळ दिवा धरला. धारेची दोरी झाली होती, मग दोऱ्याएवढी. असं तेल पडताना बघायला मला आवडतं. घाई करणारे मेकॅनिक इथंच नट परत लावतात आणि उरलेला गाळ नव्या तेलात मिसळतो.

"दादा, माणसं सायकलवर कशाला गेली?"

"तू गप बस आता."

"मी इथं कशाला बसलेय?"

"मेथी निवडायला."

बराच वेळ गेला. थेंब पडत होते, प्रत्येकाच्या मधलं अंतर वाढत होतं. ती हळूच, कुणा अनोळखी माणसाला विचारावं तसं म्हणाली, "अहो, ऐकता का?" आणि पुढं काही बोलली नाही.

ऊन लागून झोप लागली असेल, असं मला वाटलं. चेंबरच्या मागच्या कोपऱ्यात नेहमी थोडं तेल राहतं. ते यावं म्हणून मी पुढचा जॅक आणखी वर घेतला आणि गाडी तिरकी केली. पाचसात थेंब आले. मग एक. मग थांबलं. कडेला राहिलेलं मी बोट घालून पुसून घेतलं.

नाथा पिकअप घेऊन आला. दाजींच्या शेतावरचा जुना माणूस. ट्रे त्याच्या डब्यात रिकामा करून दिला.

"वयनी बऱ्या हायत ना?" जाता जाता त्यानं विचारलं. "आवाज दिला तर बघत बी नाय. रागावल्या जणू."

"झोपली असेल."

"डोळं उघडं हायती," तो म्हणाला आणि गेला.

मी मागचं सील काढत होतो, ते सुटत आलं होतं. सील, दोन पॅकिंगं आणि फिल्टर बसवून झाल्यावरच मी बाहेर आलो.

७

ती खुर्चीत ताठ बसली होती. मेथीची एक काडी बोटांत होती, अर्धी खुडलेली. डोळे उघडे होते आणि कोरडे. मी हाक मारली, खांदा हलवला. ऊन तिच्या तोंडावरून सरकून गेलं होतं आणि अंग गार पडलं होतं. श्वास चालू होता, पण तो सोडल्यानंतर पुढचा येईल की नाही असं वाटावं इतका सावकाश.

गल्लीतले डॉक्टर आले. नाडी लागते, बीपी ठीक आहे, काहीतरी धक्का बसलाय, मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले. मी दाजींना फोन केला. ते म्हणाले, "ऑइल भरून ठेवा, गाडीतच झोपवून नेऊ. मी निघालोच."

मग मी तिला खुर्चीसकट उचलून आत आणलं, शटर ओढलं आणि जांभळा दिवा तिच्या डोळ्यांवर धरला. काही नाही. ओठांवर, हातांच्या भेगांत, कुठंच काही नाही. ट्रेच्या तळाला चिकटून राहिलेला पातळ थर मात्र पोपटी चमकत होता. मी तिचा अंगठा त्यात बुडवला. थराला टेकताच अंगठा किंचित वळला. मी तो कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला. तेवढंच.

नाथाला फोन लावला. "तो डबा आहे तसा परत आण. आत्ताच्या आत्ता."

"डबा कोरडा झाला मिस्त्री. मालक म्हणले होते लगोलग लावा, दोघातिघांनी मिळून लावला."

"थोडं तरी राहिलं असेल?"

"नाय ओ. लाकूड लय वाळलेलं व्हतं. पिऊन टाकलं त्यानं."

दाजी आले. तिच्यासमोर उभं राहून "ए, नाटकं पुरे," म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "भरलं का?"

मी भरलं नव्हतं. दवाखान्यात जायला दुसरी गाडी मिळत होती. पण त्या अंगठ्याचं वळणं मी बघितलं होतं. मी नव्या तेलाचा पहिला डबा फोडला. मधासारखं स्वच्छ तेल होतं. ते इंजिनात उतरताना घळघळ आवाज येत होता. त्या आवाजाकडे योगिनीनं मान वळवली. दुसऱ्या डब्याला तिची बोटं उघडली आणि मेथीची काडी खाली पडली. तिसरा ओतताना तेल हेडवर सांडलं. मी बघत नव्हतो. मागं खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं.

"घ्या," दाजी म्हणाले, "उठली. उगाच डॉक्टर बोलावला."

ती माझ्या जवळून गेली. चाल तिचीच होती. पायरी चढून ती बॉनेटवर बसली, पदर सारखा केला आणि हात मांडीवर ठेवले. तळवे मऊ, गुलाबी. एकही भेग नाही. मग तिनं माझ्याकडे बघितलं, गॅरेजमधल्या कुठल्याही माणसाकडे बघावं तसं.

"झालं का तुमचं काम?" तिनं विचारलं.

मी दाजींना म्हणालो, दवाखान्यात नेऊच. "चालती-बोलती हाय," ते म्हणाले. "काय सांगू डॉक्टरला? बायको गप झाली म्हणून? लोक पैसे देऊन करतील असलं ऑपरेशन." आणि चावी फिरवली.

८

गाडी परत गळली नाही. दाजींनी एकदा खाली घातलेल्या पांढऱ्या पुठ्ठ्याचा फोटोही पाठवला. एक डाग नाही.

संक्रांतीनंतर मी दिंडोरीला गेलो. दाजी खूश होते. योगिनी आता दमत नाही, कुरकुरत नाही, एकाही पोळीत मीठ कमी असं होत नाही. पाहुणे तिच्या नम्रपणाचं कौतुक लिहून जातात. दाजी फोनवर बोलत होते तेव्हा मी कुंपणाच्या कडेनं गेलो. डांब काळे आणि तुकतुकीत झाले होते. एका डांबाची साल स्क्रूड्रायव्हरनं खरवडून मी रुमालात घेतली. थोड्या वेळानं तो रुमाल तिथंच झटकला. त्याचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

गाडी द्राक्षाच्या मांडवाशेजारी उभी होती, इंजिन चालू. पाहुणे नुकतेच गेले होते. योगिनी कप गोळा करत होती. मी दारात उभा राहिलो. ती म्हणाली, "या, बसा." कुणालाही म्हणावं तसं, गोड आवाजात. तिनं कपांचा ट्रे उचलला आणि त्याच वेळी दाजींनी बाहेरून हात घालून चावी बंद केली.

"पाहुणे गेले की कशाला जाळायचं डिझेल?" ते म्हणाले आणि बागेकडे गेले.

योगिनी ट्रे घेऊन बॉनेटवर बसली. इतक्या सावकाश, की बसताना कप वाजलेही नाहीत. मग ती हलली नाही.

झोप लागली असेल. दिवसभराची दगदग. मी स्वतःला हे दोनदा सांगितलं. ट्रे तिच्या हातातून सोडवून बाजूला ठेवला आणि तिचा हात हातात घेऊन शेजारी बसलो. झाकणाखाली इंजिन थंड होत होतं. तापलेलं लोखंड आकसताना टक, टक असा आवाज येतो, सुरुवातीला भरभर, मग थांबून थांबून. त्या आवाजाबरोबर तिचा हात निवत गेला. आधी बोटं. मग तळवा. मी तो दोन्ही हातांत चोळला, तोंडाची वाफ दिली. तिला मोपेडची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, बाबांच्या आवाजात, जमेल तशी. टक असा एक आवाज आला आणि पुढचा आलाच नाही.

चावी गाडीलाच होती. फिरवली तर जी उठेल ती कोण असेल, हे मला माहीत होतं. पण तो हात इतका गार मला धरवेना.

मी चावी फिरवली. इंजिन एका झटक्यात लागलं. माझ्या हातातली बोटं हलली, गरम झाली, आणि सभ्यपणे सुटून गेली.

"चहा घेणार का तुम्ही?" ती म्हणाली.

मी हो म्हणालो.